एका भोकासाठी दोन मशिनं

तपशीलरावांना घरातल्या भिंतीला एक भोक पाडायचं होतं. एकच. करंगळी जाईल न जाईल एवढं. माणसं डोंगर पोखरून बोगदे काढतात, तरी पेपरात त्यावर चार ओळी येतात आणि विषय संपतो. पण तपशीलरावांच्या या भोकापायी अख्ख्या इमारतीची वीज गेली, लिफ्ट अडकली आणि दातांचे डॉक्टर व कर्नल यांची बोलाचाल बंद झाली ती अजून बंदच आहे. हे कसं झालं ते सांगतो. नीट ऐकून घ्या, कारण इमारतीत प्रत्येक जण ही गोष्ट वेगळी सांगतो आणि प्रत्येकाच्या गोष्टीत शहाणा माणूस तोच असतो.

तपशीलराव हे काही आईवडिलांनी ठेवलेलं नाव नव्हे. विमा कंपनीत ते लोकांचे दावे तपासायचे. कुणाची गाडी झाडावर आदळली, तर हे विचारायचे की झाड आधीपासून तिथेच होतं का. अशा माणसाला ऑफिसातले लोक दुसरं काय म्हणणार? घरीही तीच तऱ्हा. एकदा छत्री घ्यायची ठरली, तर कापड, काड्या, मूठ आणि बटण यांचा त्यांनी असा काही सखोल अभ्यास केला की छत्री घरात आली त्या आठवड्यात पावसाळा संपला. पण छत्री उत्तम होती हं. अजून नवीच्या नवी आहे.

आता आरशाकडे येतो. आरसा सासऱ्यांनी दिलेला. ही मंडळी नव्या घरात राहायला आली तेव्हाचा. जाडजूड लाकडी चौकट, कोपऱ्यांवर कोरलेली वेलबुट्टी, आणि वजन इतकं की तो वर चढवणाऱ्या हमालांनी जाताना बक्षिसी मागितली नाही, नुसतं पाणी मागितलं. तेव्हापासून तो कपाटामागे भिंतीकडे तोंड करून उभा होता. "लावू या," असं तपशीलराव म्हणायचे. बायकोने ते ऐकणं केव्हाच सोडून दिलं होतं.

सासरे म्हणजे निवृत्त हेडमास्तर. मुलगी सोडून घरात सगळे त्यांना नाना म्हणायचे. माणूस अतिशय गोड. आवाज चढवून कधी बोलले नाहीत. पण लग्न झाल्यापासून तपशीलरावांनी हातात काहीही घेतलं, की नाना मऊ आवाजात म्हणायचे, "राहू द्या, जावईबापू." बल्ब बदलायला स्टुलावर चढले, "राहू द्या." नळ गळतो म्हणून पाना उचलला, "राहू द्या." एकदा तर तपशीलराव लोणच्याच्या बरणीचं झाकण उघडत होते. नानांनी ती अलगद त्यांच्या हातातून काढून घेतली आणि शेजारच्या बाईकडे दिली. तिने उघडली. तो क्षण तपशीलरावांच्या काळजात रुतून बसला होता. कुणी शिव्या दिल्या असत्या तर एक वेळ परवडलं असतं हो, पण हे "राहू द्या" फार लागतं.

आणि एक दिवस फोनवर नाना म्हणाले, "तो आरसा एखादा सुतार बोलावून लावून घ्या बरं का. तुम्ही राहू द्या."

तपशीलरावांच्या डोक्यात काय शिरलं कोण जाणे. ते म्हणाले, "लावला की, नाना. मीच लावला. स्वतः भोक पाडून."

पलीकडे नानांनी फोन या कानाचा त्या कानाला लावला असावा.

"तुम्ही?" नाना म्हणाले.

"मी."

"मग बघायलाच येतो," नाना म्हणाले. "पुढच्या महिन्यात पहिल्याच रविवारी येतो. मला जरा कामही आहे तुमच्याकडे."

फोन ठेवला तेव्हा बायको दारात उभी होती. ती शाळेत भूगोल शिकवायची, त्यामुळे पृथ्वीवर कुठेही काही हललं तरी तिला कळायचं. "कुठला आरसा लावलात?" तिने विचारलं. मग कपाटाकडे पाहिलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "मी सुताराला बोलावते."

"अजिबात नाही!" तपशीलराव गरजले. "मी लावला म्हणून सांगितलंय. तेव्हा मीच लावणार. थोडा उशिरा लावणार, एवढाच फरक."

"कशाने लावणार? घरात हातोडी नाही. खिळा ठोकायचा तर तुम्ही वरवंटा मागता."

"मशीन घेईन," तपशीलराव म्हणाले. "ड्रिल मशीन."

आता मशीन घ्यायचं म्हणजे कुठलं घ्यायचं? इथून खरी भानगड सुरू झाली. जगात ड्रिल मशिनं दोनच प्रकारची असतात. एक स्वस्त आणि एक महाग. स्वस्तवाला म्हणतो, महागड्यात नुसत्या नावाचे पैसे जातात. महागवाला म्हणतो, स्वस्त घेतलंत तर रडाल. आणि घेणारा माणूस मध्ये उभा राहून घाम पुसतो.

तपशीलरावांनी आधी वरच्या मजल्यावरच्या कर्नलना विचारलं. कर्नल सैन्यात कधीच नव्हते. ते जन्मभर ग्रंथपाल होते. पण मिशा अशा होत्या की वाचनालयात कुणी पान मुडपायला धजत नसे. ते म्हणाले, "स्वस्तातलं घ्या! एका भोकासाठी काय हत्ती पाळायचा? भोक पाडलं, मशीन माळ्यावर टाकलं, विषय संपला. महागडं घ्याल तर जन्मभर त्याच्याकडे बघून हळहळाल."

पटलं. तपशीलराव खाली उतरत होते, तर जिन्यात दातांचे डॉक्टर भेटले. दातांचे डॉक्टर म्हणजे या विषयातला अधिकारी माणूस. रोज सकाळ-संध्याकाळ ड्रिल चालवणारा. त्यांनी तपशीलरावांना जिन्यातच थांबवलं. "स्वस्त मशीन? मी उद्या स्वस्त मशीन घेऊन तुमच्या दाढेत शिरलो तर चालेल? हात थरथरता कामा नये. भिंत म्हणजे काय, एक मोठा दातच. वर पातळ थर, आत कठीण गाभा. घ्या तर उत्तम घ्या."

हेही पटलं. तपशीलरावांचं हेच तर दुखणं होतं. त्यांना सगळंच पटायचं. ऑफिसात दाव्यांच्या कागदांमागे त्यांनी दोन रकाने आखले आणि वेग, वजन, आवाज, वॉरंटी, मुठीची पकड यांची तुलना मांडायला बसले. साहेब मागे येऊन उभे राहिले तेव्हा रागावतील असं वाटलं होतं. पण साहेब खुर्ची ओढून बसले आणि म्हणाले, "बॅटरीवालं की वायरवालं, ते लिहिलंच नाहीत तुम्ही." त्या दुपारी एकही दावा तपासला गेला नाही. कुणातरी भाग्यवंताची गाडी झाडावर आदळली असेल तर त्याला पैसे विनातक्रार मिळाले असतील.

बरं, नुसतं मशीन घेऊन भागतं का? इमारतीचे सेक्रेटरी काय नुसते बसलेत? त्यांच्या कानावर ही बातमी गेली आणि ते स्वतः दार वाजवत आले.

"भोक पाडताय असं ऐकलं."

"हो. एकच."

"भिंतीचा रंग तुमचा," सेक्रेटरी म्हणाले. "प्लास्टरही तुमचं. पण प्लास्टरच्या आतली भिंत इमारतीची. भोक किती खोल जाणार?"

"बोटभर."

"म्हणजे निम्मं भोक तुमचं आणि निम्मं आमचं. आमच्या निम्म्यासाठी कमिटीची परवानगी लागेल."

"मी माझं निम्मं आधी पाडून ठेवू का?" तपशीलरावांनी अगदी मनापासून विचारलं.

सेक्रेटरींनी यावर खरोखर विचार केला. मग म्हणाले, "नको. नंतर दोन्ही जुळली नाहीत तर?" परवानगी आली ती नाना येणार त्याच रविवारची. सकाळी, लोकांची झोप झाल्यावर आणि दुपारची झोप सुरू व्हायच्या आत. शिवाय आवाज 'माफक' असावा अशी अट होती. तपशीलरावांनी विचारलं, माफक म्हणजे किती? सेक्रेटरी म्हणाले, ऐकल्यावर सांगू.

शेवटी तपशीलरावांनी स्वस्त मशीन घेतलं. हार्डवेअरच्या दुकानदाराने ते काउंटरवर असं आपटलं की त्याची मजबुती तिथेच सिद्ध झाली. खोक्यावर कंपनीचं नाव होतं, पण ते वाचेपर्यंत बोटाला लागून निघून आलं.

घरी आल्यावर चाचणी. परवानगी रविवारची होती, पण तपशीलराव स्वतःला म्हणाले, हे भोक नव्हे, ही चाचणी आहे. त्यांनी दार लावलं, चष्म्यावर बायकोचा उन्हाचा चष्मा चढवला आणि मशीन न्याहाळलं. चापाच्या वर एक छोटी कळ होती. तिच्यावर बाण. कळ एका बाजूला दाबली की बाण भिंतीकडे, दुसऱ्या बाजूला दाबली की आपल्याकडे. दुसऱ्या कुणी बाणाकडे ढुंकूनही पाहिलं नसतं. पण हे पडले तपशीलराव. त्यांनी खुर्चीत बसून विचार केला. भोक पडतं म्हणजे काय होतं? आतली माती बाहेर येते. बाहेर म्हणजे कुठे? आपल्याकडे. तेव्हा बाण आपल्याकडेच हवा. त्यांनी समाधानाने कळ आपल्याकडे दाबली आणि चाप ओढला.

मशीन किंचाळलं. भिंतीवरची पाल कायमची स्थलांतरित झाली. तपशीलरावांनी सगळं अंग टाकून रेटा दिला. जळकट वास सुटला, टोक काळं पडलं आणि भिंतीवर एक गुळगुळीत, चकचकीत ठिपका उमटला. भोक म्हणाल तर नाव नको.

"बघा! स्वस्त!" तपशीलराव ओरडले आणि तडक दुकानात गेले.

दुकानदाराने मशीन लावून पाहिलं. गर्रकन फिरलं. "चालतंय की!"

"चालतंय, पण भोक पडत नाही."

"साहेब," दुकानदार म्हणाला, "वॉरंटी मशीन फिरण्याची आहे. भोकाची नाही. भोक तुमच्या आणि भिंतीच्या आपसातला मामला आहे." मग तो काउंटरखाली वाकला आणि एक काळी पेटी अशी दोन्ही हातांनी अलगद वर काढली. झाकण उघडलं. आत मखमलीसारख्या खाचेत महागडं मशीन पहुडलं होतं. बॅटरीवर चालणारं. शेजारी टोकांची रांग, लहानापासून मोठ्यापर्यंत. "हे घ्यायचं असतं," दुकानदार हळूच म्हणाला, "पण लोक आधी ते घेतात."

याची किंमत सांगत नाही. तपशीलरावांनी बायकोलाही सांगितली नाही. तिने विचारलं तेव्हा ते म्हणाले, "सूट होती." ती म्हणाली, "सूट नसती तर घर राहिलं असतं का आपलं?"

महागडं मशीन घरात आलं आणि एक नवीनच पंचाईत झाली. त्याला हात लावायचा धीर होईना. तपशीलराव रोज ऑफिसातून आले की पेटी उघडायचे, मशीन फडक्याने पुसायचे, बॅटरी चार्जिंगला लावायचे आणि पेटी बंद करायचे. चाचणी घेऊ म्हटलं तर टोक खराब होईल. पेटी जमिनीवर ठेवली तर ओल लागेल, कपाटात ठेवली तर कपडे पडतील. "हिच्यासाठी एक फळी मारायला हवी भिंतीवर," ते एकदा म्हणाले. बायकोने त्यांच्याकडे असं पाहिलं की त्यांनी विषय बदलला.

रविवार उजाडला. बायकोने स्वयंपाकघरातून विचारलं, "बाबा येईपर्यंत होईल ना?" त्या विचारण्यात थट्टा नव्हती आणि त्यामुळेच तपशीलराव जास्त घाबरले. नुसता आरसा राहिला असता तर हसण्यावारी गेलं असतं. पण आता थाप मारून झाली होती. नाना दारातून आत येणार, रिकाम्या भिंतीकडे बघणार आणि रागावणारसुद्धा नाहीत. मऊ आवाजात म्हणणार, राहू द्या. एवढं म्हणाले की तपशीलराव त्या घरातले जन्माचे पाहुणे झाले. पुन्हा बरणीलासुद्धा हात लावायची सोय राहिली नसती.

परवानगीची वेळ झाल्यावर तपशीलरावांनी पेटी उघडली. मशीन काढलं. कळ पाहिली. इथेही बाण होताच. नियम तो नियम, म्हणून बाण आपल्याकडे. चाप ओढला. महागडं मशीन किंचाळलं नाही, गोड गुणगुणलं. मूठ हातात काय बसली होती! थरथर नाही, वास नाही, काही नाही. आणि भोकही नाही. जुन्या ठिपक्याशेजारी दुसरा ठिपका उमटला, जास्त चकचकीत, एवढाच काय तो पैशांचा फरक.

तपशीलराव मटकन खाली बसले.

माफक आवाज ऐकायला सेक्रेटरी दारात आलेच होते. त्यांच्या मागून कर्नल आले आणि कर्नल आले म्हणून दातांचे डॉक्टर आले. तिघे ठिपक्यांसमोर उभे राहिले.

"मी म्हणालो होतो, महागडं घेऊ नका," कर्नल म्हणाले.

"मी म्हणालो होतो, स्वस्त घेऊ नका," डॉक्टर म्हणाले. त्यांनी ठिपक्यावर नख टिचकवलं. "गाभा कठीण आहे. थांबा, माझं मशीन आणतो."

"तुमचं मशीन?" तपशीलरावांनी मान वर केली.

डॉक्टर जरा गडबडले. "आहे एक. माळ्यावर. एकदा पडद्याची दांडी लावायची होती तेव्हा घेतलेलं."

"माझंही आहे," कर्नल मिशीत पुटपुटले. "पाटी लावायची होती दारावरची."

सेक्रेटरींनी घसा साफ केला. "नोटीस बोर्डासाठी घेतलं होतं आम्ही एक. घरीच आहे."

झालं! एवढ्याशा इमारतीत एका एका भोकासाठी घेतलेली मशिनं माळ्यामाळ्यांवर झोपली होती आणि कुणी तपशीलरावांना मशीन कुठलं घ्या हे, तर कुणी परवानगी कशी घ्या हे तोंड भरून सांगितलं होतं. माझं घेऊन जा, असं एकाच्याही तोंडून निघालं नव्हतं. तपशीलरावांना हे बोलून दाखवायचं होतं, पण माणूस अडला की तोंडावर ताबा ठेवावा लागतो. ते म्हणाले, "आणा, आणा."

तिघे धावत गेले आणि धावत आले. आता इरेला पेटले होते हो! महागडं श्रेष्ठ की स्वस्त, याचा निकाल आजच लागणार होता. डॉक्टरांचं मशीन तपशीलरावांच्या मशिनाचा थोरला भाऊ शोभेल असं, कर्नलांचं जुनाट, त्याच्या वायरीला जागोजाग पट्ट्या, आणि सेक्रेटरींच्या मशिनावर नोटीस चिकटवलेली, 'विनापरवानगी वापरू नये.' सगळ्यांच्या वायरी एकाच बोर्डात खुपसल्या. प्रत्येकाने पेन्सिलीने आपापली खूण केली. कर्नल उंच, म्हणून त्यांची खूण थेट वर, छताच्या अलीकडे. "आरसा उंचावरच शोभतो," ते म्हणाले.

"एकदमच सुरू करू," डॉक्टर म्हणाले. "कळेल कोण आधी पोचतं ते."

कर्नलांनी चाप ओढला. त्यांच्या मशिनातून एक निळी ठिणगी निघाली, बोर्डात फाट् झालं, पंखा थांबला, फ्रीज थांबला, शेजारचा रेडिओ गाण्याच्या मधेच थांबला. सगळीकडे सामसूम झाली.

"स्वस्त!" डॉक्टर दात ओठ खाऊन म्हणाले. इथे ती बोलाचाल बंद झाली.

आणि त्या शांततेत लिफ्टच्या जाळीतून एक मऊ आवाज आला.

"जावईबापू, वीज गेली का हो?"

सगळे बाहेर धावले. लिफ्ट मजल्याच्या जरा खालीच अडकली होती. जाळीतून वाकून पाहिलं तर नानांची टोपी तेवढी दिसत होती.

"नाना! घाबरू नका!" तपशीलराव जाळीतून ओरडले.

"मी कशाला घाबरू? पिशवीवर बसलोय आरामात. आरसा काय म्हणतोय?"

"मजेत आहे!" तपशीलराव म्हणाले आणि घरात पळाले.

सेक्रेटरी वायरमनला शोधायला गेले. घरात आता अशी अवस्था झाली होती की हसावं की रडावं कळेना. वीज नाही म्हणून नाना लिफ्टमध्ये, म्हणजे वेळ भरपूर. पण वीज नाही म्हणून मशिनं बंद. आणि वीज आली की मशिनांबरोबर नानाही वर येणार. कर्नल म्हणाले की वायरमनला जरा बोलण्यात गुंतवून ठेवतो. बायको म्हणाली, "माझे वडील आहेत ते!"

"बॅटरी!" डॉक्टर एकदम ओरडले. "तुमचं बॅटरीचं आहे ना?"

तपशीलरावांनी महागडं मशीन उचललं आणि दिसेल त्या स्टुलावर चढले. स्टूल होतं कर्नलांच्या खुणेखाली. हात उंच करून त्यांनी टोक खुणेवर टेकवलं आणि चाप ओढला. गोड गुणगुण. ठिपका. त्यांनी डोळे मिटले, दात आवळले, टाचा वर केल्या. मोठा ठिपका. डोळ्यांतून पाणी यायला लागलं, आणि ते घामाचं होतं असं ते अजूनही सांगतात.

बायको स्टूल धरून खाली उभी होती. ती वर बघत म्हणाली, "अहो, तो बाण तुमच्याकडे का आहे?"

"माती आपल्याकडे यायला पाहिजे म्हणून!"

"पण जायचंय कुठे?"

"भिंतीत!"

"मग बाण भिंतीकडे नको का? सहावीच्या मुलांना कळतं हो. बाण जिकडे, तिकडे जायचं असतं. हे उलटं फिरतंय तुमचं. इतके दिवस उलटंच फिरवताय!"

तपशीलरावांनी खाली पाहिलं. डॉक्टरांनी खिडकीबाहेर पाहिलं. कर्नलांनी मिशीला पीळ दिला. कुणी काही बोललं नाही, पण न बोलण्याचाही एक आवाज असतो आणि तो माफक नव्हता. तपशीलरावांनी अंगठ्याने कळ पलीकडे दाबली आणि चाप ओढला.

मशीन भिंतीत असं शिरलं, असं शिरलं की बघायलाच नको! पांढऱ्या धुळीचा लोट उठला, तपशीलराव भुवयांपर्यंत पांढरे झाले आणि भिंतीत एक गोल, सुबक, देखणं भोक पडलं. "पडलं! भोक पडलं!" ते स्टुलावरच नाचले. मग भोकात गुट्टी ठोकली, गुट्टीत हूक पिळला आणि चौघांनी मिळून आरसा उचलून टांगला. इतक्यात पंखा फिरायला लागला, रेडिओ राहिलेलं गाणं म्हणायला लागला आणि लिफ्ट कुरकुरत वर आली.

नाना आत आले. हातात जड पिशवी. त्यांनी आरशाकडे पाहिलं. आरसा छताच्या जवळ होता. त्यात पंखा छान दिसत होता आणि नानांनी चवड्यांवर उभं राहून पाहिलं तेव्हा टोपीचं टोकही दिसलं. आता. आता ते दोन शब्द येणार.

"छान लावलाय," नाना म्हणाले. "कधी लावला?"

"झाले की, पुष्कळ दिवस," तपशीलराव म्हणाले. बोलताना त्यांच्या मिशीतून धूळ पडली.

नानांनी खिशातून रुमाल काढला आणि जावयाच्या भुवया हलक्या हाताने पुसल्या. "जावईबापू," ते म्हणाले, "लिफ्टमध्ये 'भोक पडलं!' ऐकू आलं मला."

तपशीलरावांना धरणी दुभंगेल तर बरं असं झालं. कर्नल आणि डॉक्टर आपापली मशिनं काखोटीला मारून निघून गेले, एकमेकांकडे न बघता. नाना खुर्चीत बसले, पिशवी जवळ ओढली आणि तिच्यातून एक खोकं काढलं. ड्रिल मशीन. स्वस्तातलं. खोक्यावरचं कंपनीचं नाव त्यांच्या बोटाला लागून निघून आलं.

"घरी पुस्तकांची एक फळी लावायची आहे," नाना म्हणाले. "हिच्या आईला सांगून बसलो की मीच लावणार. तेव्हापासून रोज भिंतीला मशीन लावतो. जळका वास येतो. एक ठिपका उमटतो. तुम्ही फोनवर म्हणालात, मी लावला, तेव्हा... आता खोटं कशाला बोलू, मला हेवाच वाटला तुमचा. म्हटलं, कमीपणा वाटला तरी चालेल, जावयालाच विचारू."

तपशीलरावांनी खोक्यातलं मशीन उचललं. कळ पाहिली. बाण नानांकडे होता.

"माती आपल्याकडे यायला हवी म्हणून?" त्यांनी हळूच विचारलं.

"अगदी तसंच!" नाना म्हणाले. "तुम्हालाही तसंच वाटलं?"

तपशीलरावांनी त्यांना बायकोचा बाणाचा नियम सांगितला आणि मग दोघं जे हसायला लागले ते थांबेचनात. हेडमास्तरांची टोपी खाली पडली. एवढ्या वर्षांत सासरे-जावई असे शेजारी बसून कधी हसले नव्हते. मग नाना सराईतासारखे मशिनाकडे हात करून म्हणाले, "आणा, मी कळ बदलतो."

"राहू द्या, नाना," तपशीलराव मऊ आवाजात म्हणाले. "मी दाखवतो."

नानांनी हात मागे घेतला आणि शहाण्या मुलासारखे बघत बसले.

बायको चहा घेऊन आली, तेव्हा दोघं जमिनीवर मांडी घालून बसले होते. मधे दोन्ही मशिनं, म्हणजे नानांचं स्वस्त आणि जावयाचं महागडं, आणि कुठलं चांगलं यावर वाद सुरू झाला होता. तिने चहा ठेवला, मान वर करून छताजवळच्या आरशाकडे एकदा बघितलं आणि पदर खोचला.

"हा आरसा खाली घ्यायचा आहे, आणि बाबांची फळीही लावायची आहे," ती म्हणाली. "मी सुताराला फोन करते."

दोघांनी एकदम माना वर केल्या आणि दोघं एकाच सुरात म्हणाले,

"राहू दे!"